सर्वांत चांगला प्रोसेसर कोणता? अनुमान, उपाधी आणि ओव्हरक्लॉकिंग

(माहीम येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या व्याख्यानांत आपण न्यायदर्शनातल्या अनुमानाबद्दल बोललो. अनुमान कसं घडतं, कुठे फसतं, ते पाहिलं. त्यानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांत एक प्रश्न पुन्हापुन्हा होता. विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आतले. "सर, गेमिंगसाठी कोणता प्रोसेसर घ्यावा? ओव्हरक्लॉक करण्यात अर्थ आहे का? दहा व्हिडिओ पाहिले, अकरा उत्तरं मिळाली."

काहींना वाटेल, हा प्रश्न वाट चुकून इथे आला. मला तो अगदी विषयाला धरून वाटतो. घरातले साठ-सत्तर हजार रुपये, कधी आईवडिलांच्या बचतीतले, कधी पहिल्या नोकरीत साठवलेले, एका अनुमानाच्या भरवशावर खर्च होतात. ते अनुमान असं: "अमुक प्रोसेसर चाचणीत पहिला आला, म्हणून तो घेतला की माझा गेम जास्त जलद चालेल." हे अनुमान कधी खरं ठरतं आणि कधी फसतं, एवढंच आज सांगायचं आहे. किमती सांगणार नाही. त्या दर आठवड्याला बदलतात, आणि हे व्याख्यान तुम्ही दोन वर्षांनीही वाचाल. विचाराची रीत मात्र तेव्हाही उपयोगी पडावी.

लाटणारा आणि भाजणारा

आधी गेम चालतो म्हणजे काय होतं, ते समजून घेऊ. पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. १४४ हव्या असतील तर फक्त ६.९ मिलिसेकंद मिळतात.

हे काम दोघं मिळून करतात. प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडलं की नाही, आणि आता पडद्यावर काय काय काढायचं आहे. ती यादी तो ग्राफिक्स कार्डाकडे देतो. कार्ड प्रत्येक ठिपक्याचा रंग काढतं.

आता स्वयंपाकघरात चला. एक जण पोळ्या लाटतोय, दुसरा भाजतोय. लाटणारा म्हणजे प्रोसेसर, भाजणारा म्हणजे ग्राफिक्स कार्ड. मिनिटाला किती पोळ्या डब्यात पडतील? दोघांत जो हळू असेल, त्याच्या वेगाने. लाटणारा मिनिटाला सहा लाटतो आणि भाजणारा तीन भाजतो, तर डब्यात तीनच पडणार. इथे तुम्ही आठ लाटणारा माणूस आणून बसवलात, तर पोळ्या तीनच पडतील. फक्त लाटलेल्या पोळ्यांचा ढीग वाढेल आणि लाटणारा हात पुसत बसेल.

पडद्याचे ठिपके वाढले की काय होतं? नेहमीचा १०८०पी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. फोरके पडदा म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार, बरोबर चौपट. लाटणाऱ्याचं काम जवळपास तेवढंच राहतं, कारण माणसं तीच, गोळ्या त्याच. भाजणाऱ्याचं काम मात्र खूप वाढतं. म्हणून पडदा जितका मोठ्या रिझोल्यूशनचा, तितकं प्रोसेसरचं महत्त्व कमी आणि कार्डाचं जास्त.

उपाधी म्हणजे काय

आता न्यायशास्त्राकडे वळतो. जिथे धूर आहे तिथे अग्नी आहे, हा नियम बरोबर. पण उलटा नियम, जिथे अग्नी आहे तिथे धूर आहे, हा बरोबर नाही. नैयायिक उदाहरण देतात तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत अग्नीबरोबर धूर का दिसतो? कारण तिथे सरपण ओलं आहे. ओलं सरपण ही झाली उपाधी. म्हणजे अशी अट, जी निष्कर्षासोबत नेहमी असते, पण तुम्ही पुढे केलेल्या हेतूसोबत नेहमी असतेच असं नाही. ही अट नजरेतून सुटली की अनुमान वरवर निर्दोष दिसतं आणि प्रत्यक्षात फसतं.

आता आपलं अनुमान घ्या. "जिथे वरच्या श्रेणीचा प्रोसेसर, तिथे जास्त फ्रेम." इथली उपाधी कोणती? कार्डाला उसंत असणं. जिथे जिथे नव्या प्रोसेसरमुळे फ्रेम वाढल्या, तिथे तिथे कार्ड मोकळं होतं, लाटणाऱ्याची वाट पाहत होतं. पण जिथे जिथे भारी प्रोसेसर आहे, तिथे कार्ड मोकळं असेलच असं नाही. उपाधीची व्याख्या इथे तंतोतंत बसते.

म्हणून चाचण्या कशा घेतात ते बघा. प्रोसेसरची तुलना करणारे लोक मुद्दाम बाजारातलं सर्वांत ताकदवान कार्ड लावतात आणि १०८०पी वर खेळतात. ते बरोबरच करतात. त्यांना लाटणाऱ्यांची शर्यत लावायची असते, मग भाजणारा आड येता कामा नये. त्या तक्त्यात एक प्रोसेसर दुसऱ्यापेक्षा वीस टक्के पुढे दिसला, तर ते वीस टक्के खरे आहेत. पण ते त्या कार्डासोबतचे आहेत. तुमच्या घरी मध्यम किमतीचं कार्ड असेल तर तोच फरक दोन टक्क्यांवर येऊ शकतो, नाहीसाही होऊ शकतो. चाचणी खोटी नव्हती. तिची अट तुम्ही घरी आणली नाहीत.

आपली अडचण कुठे आहे, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे, आणि ती फुकट आहे. तुमचा आवडता गेम सुरू करा आणि चित्राचा दर्जा, रिझोल्यूशन सगळ्यांत खाली आणा. फ्रेम भराभरा वाढल्या तर अडवणारं कार्ड होतं. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर बहुधा प्रोसेसर अडवतोय. आपल्या परंपरेत याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: एक गोष्ट असताना काय होतं आणि नसताना काय होतं, ते पाहणं. जोडीला कार्ड किती टक्के कामात आहे तो आकडा बघा. तो ९५च्या वर चिकटून असेल तर प्रोसेसरवर पैसे घालण्याआधी थांबा.

तीन गोष्टी ज्यांना आपण भुलतो

पहिली, गिगाहर्ट्झ. क्लॉकचा आकडा मोठा म्हणजे प्रोसेसर जलद, असं आपण धरून चालतो. इथली उपाधी आहे समान बनावट. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स जास्तीत जास्त ४.७ गिगाहर्ट्झवर धावतो. २०२२ साली त्याचाच भाऊ आला, ५८००एक्स३डी. त्याचा वेग ४.५, म्हणजे कमी. तरीही बहुतेक गेममध्ये तो पुढे गेला. का? एल३ कॅश पहिल्याकडे ३२ एमबी, दुसऱ्याकडे ९६ एमबी. कॅश म्हणजे पोळपाटाशेजारची परात. रॅम म्हणजे माळ्यावरचा पिठाचा डबा. परात मोठी असेल तर दर दोन पोळ्यांनंतर माळ्यावर चढावं लागत नाही. हात थोडा हळू चालला तरी पोळ्या जास्त होतात. गेममध्ये माहिती विखुरलेली असते, सारखी इकडची तिकडची लागते, म्हणून मोठ्या परातीचा फायदा तिथे विशेष दिसतो. हेच दोन प्रोसेसर व्हिडिओ एन्कोडिंगला बसवा, तर बऱ्याचदा जास्त क्लॉकवाला पुढे जातो.

दुसरी गोष्ट, कोअर. सहा कोअरपेक्षा सोळा कोअर चांगले, हेही अनुमानच. १९९१ साली पुण्यात सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यात एकच अचाट प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक बेताचे प्रोसेसर जोडले होते, आणि काम त्यांच्यात वाटून दिलं जात होतं. हवामानाचं गणित तसं वाटता येतं: नकाशाचा हा चौकोन तुझा, तो माझा. पण काम वाटताच येत नसेल तर? जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली याचा हिशेब मांडला. कामाचा ४० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर तुम्ही हजार कोअर लावा, एकूण वेग अडीच पटीच्या वर जाणार नाही. गेममध्ये असा न वाटता येणारा भाग बराच असतो. आधी गोळी लागली की नाही ते ठरेल, मग माणूस पडेल. म्हणून बहुतेक गेमसाठी सहा किंवा आठ चांगले, चपळ कोअर पुरतात. सोबत व्हिडिओ संकलन, थ्रीडी, खेळता खेळता थेट प्रक्षेपण असं काही करणार असाल, तर जास्त कोअरला काम मिळेल.

तिसरी गोष्ट, सरासरी. पश्चिम रेल्वेवर सरासरी दर चार मिनिटांनी गाडी आहे असं कुणी सांगितलं, आणि तुम्ही फलाटावर वीस मिनिटं उभे राहिलात. नंतर एकामागून एक पाच गाड्या आल्या. सरासरी खरी, आणि तुमचा लेटमार्कही खरा. फ्रेमचं तसंच आहे. सरासरी १२० दिसते, पण मधेच चित्र अडखळतं. म्हणून चाचणीत सरासरीच्या शेजारचा आकडा बघा, सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा. प्रोसेसर आणि रॅम कमी पडत असतील तर ते बऱ्याचदा तिथे आधी दिसतं.

ओव्हरक्लॉकिंग: उरलेली शिल्लक

आता ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ क्लॉक गुणिले गुणक. मूळ क्लॉक साधारण १०० मेगाहर्ट्झ. गुणक ५० असेल तर ५ गिगाहर्ट्झ. गुणक ५२ केला तर ५.२. कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर तो पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचं.

हे मुळात शक्य का होतं? कारण कंपनी प्रत्येक चिपवर थोडी शिल्लक ठेवते. लाखो चिप एकाच नावाने विकायच्या, तर त्यांतली सर्वांत कमकुवतही त्या वेगाने चालली पाहिजे. मग बाकीच्यांच्या अंगात थोडी जादा ताकद उरतेच.

या शिल्लकीचं गाजलेलं उदाहरण १९९८चं. इंटेलचा सेलेरॉन ३००ए. गुणक साडेचार, तोही बंद केलेला. बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून वेग ३००. लोकांनी काय केलं, तर मदरबोर्डवर बस १०० केली. साडेचार गुणिले १००, झाले ४५०. दीडपट वेग. स्वस्तातला प्रोसेसर त्या वेळच्या महागड्या पेंटियम २च्या रांगेत जाऊन बसला. ओव्हरक्लॉकिंगची जी कीर्ती आजही ऐकू येते, ती बरीचशी त्या काळाची कमाई आहे.

आज काय बदललं? ती शिल्लक आता कंपनी स्वतःच वापरते. आजचा प्रोसेसर तापमान, विजेचा भार, किती कोअर कामात आहेत हे सतत मोजतो आणि जमेल तितका आपणहून वर पळतो. त्याला बूस्ट म्हणतात. म्हणजे पूर्वी जे काम हौशी माणूस रात्र जागून करायचा, ते आता कारखान्यातच झालेलं असतं. तुमच्या वाट्याला उरतात थोडे टक्के.

आणि त्या थोड्या टक्क्यांची किंमत बघा. चिपमधली उष्णता साधारणपणे वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. उष्णता ३३ टक्के जास्त. फ्रेम जास्तीत जास्त १० टक्के वाढतील, आणि कार्ड अडवत असेल तर शून्य. आकस्मिक कल्पनेतलं हे गणित नाही. याच उष्णतेने २००४ साली इंटेलला एकट्या क्लॉकच्या जोरावर पुढे जाण्याचा रस्ता सोडावा लागला आणि सगळा उद्योग अनेक कोअरकडे वळला.

इथे आपल्या हवेचाही विचार करा. कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक वाढलेले अंश. ज्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहता, त्यांची खोली २२ अंशांची असेल. माहीमला मे महिन्यात, समुद्राकडची खिडकी उघडी ठेवून पंख्याखाली बसलात, तर ३२-३३ अंश सहज असतात. तिथे ८५वर थांबलेली चिप इथे ९५ला जाईल. रायझन ७०००च्या अनेक प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, इंटेलच्या अनेकांची १००. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे तुम्ही कष्टाने चढवलेला वेग तोच उतरवतो. शिवाय आपली हवा दमट आणि खारी. कूलरच्या पात्यांत धूळ चिकटून बसते. सहा महिन्यांत एकदा कॅबिनेट उघडून साफ केलं, तर कित्येकांना ओव्हरक्लॉकपेक्षा जास्त फायदा होईल.

आणखी एक उपाधी सांगतो, कारण ती सगळ्यांत जास्त फसवते. "त्याच्या प्रोसेसरने ५.५ गाठलं, माझाही तोच मॉडेल आहे, म्हणून माझाही गाठेल." नाव एक म्हणजे जात एक. पण चिप ही व्यक्ती आहे. एकाच वेफरवर शेजारी शेजारी जन्मलेल्या दोन चिपही सारख्या नसतात. एक कमी व्होल्टेजवर पळते, दुसरी जास्त मागते. जातीचा गुण म्हणून जेवढं छापलेलं आहे, तेवढ्याचीच हमी. त्यापुढचं व्यक्तीवर आणि नशिबावर.

अति केलं की काय होतं, याचा धडा २०२४मध्ये सगळ्यांना मिळाला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, गेम मधेच बंद पडू लागले. इंटेलने कारण दिलं, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज. मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या, या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जी चिप आधीच झिजली, ती दुरुस्तीने पूर्ववत होत नाही. लक्षात घ्या, यांतल्या पुष्कळ लोकांनी स्वतः काहीही ओव्हरक्लॉक केलेलं नव्हतं. शिल्लक आधीच संपत आली होती. असा प्रोसेसर तुमच्याकडे असेल तर मदरबोर्डचा बायोस अद्ययावत आहे ना, ते आज घरी गेल्यावर बघा.

मग काहीच करू नये का? करा, पण क्रमाने. पहिलं, रॅम. दुकानातून जोडून आणलेल्या पीसीत ३२०० लिहिलेली रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६वर चालत असते, कारण बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय कुणी चालूच केलेला नसतो. आणि १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८-८च्या दोन घ्या. माळ्यावर चढायला दोन शिड्या मिळतात. दुसरं, अंडरव्होल्ट. वेग तोच ठेवून व्होल्टेज हळूहळू कमी करत जायचं. चिप थंड राहते आणि बूस्टला जागा मिळते. आपल्या हवेत हा उपाय मला जास्त शहाणपणाचा वाटतो. तिसरं, कॅबिनेटमध्ये हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची सोय. हे तिन्ही झाल्यावरही हौस उरली, तर मग गुणकाला हात लावा.

निवडीचा क्रम

ॲरिस्टॉटल म्हणतो की विचारविनिमय साध्याबद्दल होत नाही, साधनांबद्दल होतो. साध्य आधी ठरलेलं असावं लागतं. "सर्वांत चांगला प्रोसेसर कोणता" या प्रश्नात साध्यच नाही, म्हणून अकरा उत्तरं येतात.

तेव्हा पहिला प्रश्न, कोणता गेम? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारख्या खेळांत चित्र हलकं आणि फ्रेम शेकड्यांनी हव्या असतात. तिथे प्रोसेसर महत्त्वाचा. सिटीज स्कायलाइन्ससारख्या खेळात हजारो माणसांचा हिशेब चालतो, तिथेही. सायबरपंक २०७७सारखा चित्रमय खेळ मोठ्या रिझोल्यूशनवर खेळायचा, तर पैसे कार्डात. दुसरा प्रश्न, पडदा कोणता? पडदा ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. २०० फ्रेम काढून १४० कुठे ठेवाल? तिसरा प्रश्न, कार्ड. चौथा प्रोसेसर. आणि मग मदरबोर्ड, कूलर, एसएमपीएस.

ओव्हरक्लॉकिंगचा खर्च या शेवटच्या तिघांत लपलेला असतो. इंटेलमध्ये शेवटी 'के' असलेला प्रोसेसर हवा आणि सोबत 'झेड' मालिकेचा बोर्ड. 'बी' किंवा 'एच' बोर्डावर प्रोसेसरचा गुणक वाढवायची सोय नसते. एएमडीत बहुतेक रायझन खुले असतात. बोर्ड 'बी' किंवा 'एक्स' मालिकेचा चालतो, 'ए' मालिकेचा नाही. पण ५८००एक्स३डीचा गुणक बंद आहे. २०२४च्या ९८००एक्स३डीचा खुला आहे. मग मोठा कूलर, जास्त वॅटचा एसएमपीएस. या सगळ्याची बेरीज करा आणि विचारा: एवढ्याच पैशांत कार्ड एक पायरी वरचं आलं असतं का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. विजेचंही बघा. १०० वॅटचा फरक, रोज चार तास, म्हणजे महिन्याला बेस्टच्या बिलात १२ युनिट.

सॉकेटचाही विचार करा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७मध्ये पहिले रायझन आले, आणि बायोस बदलून त्यांतल्या अनेक जुन्या बोर्डांवर २०२२चा ५८००एक्स३डी बसला. ज्यांनी आधी साधा प्रोसेसर घेतला, त्यांनी पाच वर्षांनी फक्त तेवढाच बदलला. आज बेताचा घ्यायचा आणि उद्याची वाट मोकळी ठेवायची, हेही शहाणपण आहे.

खरेदीला आपल्याकडून धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरायचं आणि पूर्वेला चालत लॅमिंग्टन रोड गाठायचा. नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदाराला ते सांगून बघा! (हशा) तिथे तीन गोष्टी पाळा. पक्कं बिल घ्या. बॉक्समधला प्रोसेसर आणि ट्रेमधला प्रोसेसर यांतला फरक विचारा: बॉक्सवर सहसा कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवर दुकानदार देईल तेवढीच. आणि ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, हे आधी लक्षात ठेवा. दुकानदाराचं म्हणणं हे शब्दप्रमाण. ते मानायला हरकत नाही, पण बोलणारा आप्त असावा, म्हणजे जाणकार असावा आणि त्याचा स्वार्थ आड येणारा नसावा. दुसरी अट तपासायला सोपा उपाय आहे. तोच प्रश्न तीन दुकानांत विचारा, आणि प्रत्येक ठिकाणी "का?" विचारा. ज्याने उलट तुम्हालाच विचारलं, "कुठला गेम? कार्ड कोणतं?", त्याच्याकडे थोडं जास्त थांबा.

काही प्रश्न

प्रश्न: सर, माझ्याकडे कार्डाला पैसेच नाहीत. काय करू?

उत्तर: मग ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घ्या, रायझन ५ ५६००जीसारखा. हलके खेळ त्यावर होतात. इंटेलचा शेवटी 'एफ' असलेला चुकूनही घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं आणि पडदा काळाच राहील. एक लक्षात ठेवा: ५६००जीची कॅश साध्या ५६००च्या निम्मी आहे. पुढे कार्ड घेणार असं पक्कं असेल आणि थोडं थांबता येत असेल, तर साधा ५६०० बरा.

प्रश्न: जुना, वापरलेला प्रोसेसर घ्यावा का?

उत्तर: प्रोसेसर तसा दीर्घायुषी असतो, त्यामुळे घ्यायला हरकत नाही. पण आधीच्या मालकाने तो किती व्होल्टेजवर पळवला, हे चिपकडे बघून कळत नाही. इंटेलच्या ज्या दोन पिढ्यांबद्दल बोललो, त्यांतले वरचे प्रोसेसर वापरलेले घेताना विशेष जपा. समोर लावून, अर्धा तास पूर्ण भारावर चालवून दाखवत असेल तरच पैसे द्या.

प्रश्न: पण सर, मला ओव्हरक्लॉकिंगच करायचंय. फ्रेम वाढोत न वाढोत, मजा येते म्हणून.

उत्तर: तर मग माझा सगळा हिशेब तुम्हाला लागू नाही! मी जे बोललो ते ओव्हरक्लॉकिंगला साधन मानून बोललो. तुमच्यासाठी ते साध्य आहे. पतंग उडवणाऱ्याला कुणी विचारत नाही की वर जाऊन काय आणलंस. तेव्हा जरूर करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत आकडे लिहा, तापमानावर डोळा ठेवा, आणि अभ्यासाचं काम त्याच पीसीवर असेल तर त्याची प्रत दुसरीकडे ठेवा. फक्त घरी पैसे मागताना "गेम जलद चालेल म्हणून" असं सांगू नका. "शिकायचंय आणि हौस आहे म्हणून" असं सांगा. तो हेतू खरा आहे, आणि त्याला उपाधी लागत नाही.